मधुमालती आणि शेवंती : झाड हिरवेगार, मग फूल का नाही?

दिवाळी संपून आठवडा-दोन आठवडे झाले की इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात एक तक्रार ठरल्यासारखी ऐकू येऊ लागते. फाटकावरच्या मांडवावर मधुमालती दाटून चढलेली असते, कुंपणाच्या भिंतीलगत शेवंतीच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या असतात, दोन्ही झाडे निरोगी दिसतात, आणि तरीही एकीला झुबका नाही, दुसरीला कळी नाही. मग खत कमी पडले असेल असे कोणीतरी सांगते, दोघींना पुन्हा खत घातले जाते, पाने आणखी गर्द होतात आणि फुले पुढच्या वर्षावर जातात. ही तक्रार मी पुष्कळ अंगणांत उभी राहून ऐकली आहे आणि त्याआधी दोन वर्षे स्वतःच्या अंगणात सोसली आहे, म्हणून तिचा उलगडा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

दोन्ही झाडांचे दुखणे वरून सारखे दिसते, पण ते एक नाही. मधुमालती हा उन्हावर आणि नव्या फुटीवर फुलणारा वेल आहे. शेवंती हे रात्र मोजणारे बहुवर्षायू झाड आहे. वेल फुलत नसेल तर त्याला दिवसा काय मिळते आणि त्याच्यावर कात्री कधी चालली हे पाहावे लागते, आणि शेवंती फुलत नसेल तर तिला रात्री काय मिळते हे पाहावे लागते. आपण मात्र दोघींकडे सकाळी पाणी घालतानाच पाहतो.

आधी शेवंती, कारण तिची चूक डोळ्यांना दिसत नाही

माझ्याकडे एकाच जुन्या झाडाच्या फुटव्यांपासून केलेल्या पिवळ्या शेवंतीच्या ९ कुंड्या होत्या. माती तीच, खत तेच, पाणी तेच. ६ कुंड्या मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ होत्या आणि ३ पुढे फाटकाशी. मागच्या सगळ्या नोव्हेंबरच्या अखेरीस फुलल्या, पुढच्या तिन्ही जानेवारी आला तरी पानांतच राहिल्या. पहिल्या वर्षी मी खतावर संशय घेतला, दुसऱ्या वर्षी माती बदलली, आणि अखेर उत्तर एका कुंडीनेच दिले. दुसऱ्या वर्षी ती फाटकाच्या दगडी खांबाला अशी चिकटून ठेवली गेली होती की तिच्या निम्म्या फांद्या खांबाच्या आड आणि निम्म्या रस्त्याच्या बाजूला उघड्यावर होत्या. खांबाआडच्या फांद्यांना वाटाण्याएवढ्या कळ्या धरल्या होत्या. रस्त्याकडच्या फांद्यांवर एकही नव्हती. एकाच मुळावरचे झाड मधोमध वाटले गेले होते. दिवसाचे ऊन दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखेच मिळत होते. रात्री साडेनऊला बाहेर येऊन पाहिले, तेव्हा खांबाची सावली नेमकी त्या कुंडीच्या मध्यावर पडलेली दिसली. ती सावली पाडणारा पांढरा दिवा दोन वर्षांपूर्वी समोरच्या विजेच्या खांबावर लागला होता, आणि तो लागला तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना, मलासुद्धा, आनंदच झाला होता.

शेवंती ही लघुदिनी वनस्पती आहे, म्हणजे दिवस आखूड झाल्यावर तिला कळी धरते. झाडांचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असू शकते हे गार्नर आणि अलार्ड या अमेरिकेच्या कृषी खात्यातील दोन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका जातीवरील प्रयोगांतून मांडले. पुढे असे लक्षात आले की लघुदिनी झाड खरे तर दिवस मोजत नाही, अखंड अंधार मोजते. म्हणूनच रात्रीच्या मध्यावर काही काळ उजेड पडला, तरी झाडाच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन आखूड रात्री होतात आणि उन्हाळा अजून चालूच आहे असे समजून ते पाने वाढवत राहते. हा उजेड पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य टिपते. त्यातही तांबड्या प्रकाशाला ते सर्वांत जास्त प्रतिसाद देते, आणि आपल्या डोळ्यांना शुभ्र दिसणाऱ्या दिव्यातही तांबडा अंश असतोच. सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चायलाख्यान यांनी १९३०च्या दशकात शेवंतीवरच प्रयोग करून दाखवले की लांब रात्र पानांना मिळाली की शेंड्याला कळी धरते, मग तो शेंडा स्वतः उजेडात असला तरी चालते. माझ्या कुंडीतल्या प्रत्येक फांदीने आपापल्या पानांचे ऐकले होते, असे आता म्हणता येते.

इंदूरला जूनच्या अखेरीस दिवस सुमारे १३ तास ३० मिनिटांचा असतो आणि डिसेंबरच्या अखेरीस सुमारे १० तास ४५ मिनिटांचा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिवस-रात्र सारखी होते आणि तिथून रात्र वाढत जाते. शेवंतीच्या बहुतेक जातींना कळी धरून ती वाढण्यासाठी जेवढी रात्र लागते, तेवढी आपल्याकडे पावसाळा सरता-सरता आपोआप मिळू लागते. आपण फक्त मध्ये दिवा आणायचा नाही. गणपतीत बाजारात शेवंती कशी मिळते, असा प्रश्न इथे हटकून येतो. काही जाती दिवसाच्या लांबीला इतक्या बांधलेल्या नसतात, आणि व्यापारी शेती करणारे लोक अंधार आणि उजेड दोन्ही हाताने नियंत्रित करतात. शेवंती लवकर फुलू नये म्हणून ते रात्री साधारण १० ते २ या वेळात शेतावर मुद्दाम दिवे लावतात, ज्यांचा उजेड झाडापाशी सुमारे १०० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) ठेवण्याची पद्धत आहे. ते पैसे खर्चून जे करतात, ते आपल्या फाटकावरचा दिवा फुकटात करून ठेवतो. त्याहून बऱ्याच मंद उजेडानेही कळी रेंगाळते. कोजागिरीच्या चांदण्याने काही बिघडत असेल का, असे शेजारच्या आजींनी मला अगदी गंभीरपणे विचारले होते. पौर्णिमेचा चंद्र अर्धा लक्ससुद्धा उजेड देत नाही, तेव्हा ती काळजी नको.

तपासणी अगदी सोपी आहे. रात्री ९ नंतर बॅटरी न घेता कुंडीपाशी जावे आणि वर्तमानपत्र पानांच्या उंचीवर धरावे. बारीक अक्षर वाचता आले तर ती जागा शेवंतीसाठी संशयास्पद समजावी. त्यानंतर शेंडा जवळून पाहावा. ज्या फांदीला कळी धरू लागली आहे, तिची वरची पाने बदलतात: खालच्या पानांसारखी कातरलेली न राहता ती लहान, अरुंद, जवळजवळ सरळ कडांची होतात आणि त्यांच्या मध्ये बसका, बटणासारखा गोल गाभा दिसतो. जी फांदी अजून पानांतच आहे, तिचा शेंडा टोकदार असतो आणि अगदी वरच्या कोवळ्या पानालाही पुरते कातरे असतात. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. कळी दिसते, पण आठवडेच्या आठवडे फुगत नाही आणि तिच्या बुडातून हिरवे फुटवे निघून तिच्याही वर चढतात. हे दिसले की समजावे, झाडाला लांब रात्री मिळायला सुरुवात झाली होती आणि मग कोणीतरी मध्येच दिवा लावला. आमच्याकडे हा प्रकार नवरात्राच्या रोषणाईनंतर एका घरी स्पष्ट दिसला होता.

उपाय म्हणजे कुंडी हलवणे. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच शेवंती घराच्या अशा बाजूला न्यावी जिथे दिवसा किमान ५-६ तास ऊन आणि रात्री काळोख असेल. कळीला रंग दिसला की मग ती खुशाल पुढे आणून शोभेला ठेवावी. जमिनीत लावलेली असेल तर संध्याकाळी ६ ते सकाळी ८ पर्यंत जाड काळ्या कापडाने ती झाकावी लागते आणि कळीत रंग दिसेपर्यंत हे रोज करावे लागते. प्लास्टिक वापरू नये, कारण आत उष्णता कोंडते आणि उष्णतेनेही कळी मागे पडते. खरे सांगायचे तर हा झाकण्याचा नेम फार थोड्या घरांत टिकतो. त्यापेक्षा दिवा आणि झाड यांच्या मध्ये पत्रा किंवा फळी आडवी उभी करणे परवडते. दिवा आपल्याच ओट्यावरचा असेल तर काम अगदीच सोपे आहे. दिवाळीत आकाशकंदील लांब टांगलेला असेल तर चिंता नाही, मात्र बारीक दिव्यांच्या माळा शेवंतीवरच गुंडाळण्याची जी हौस आली आहे, ती कळ्या रंगावर येईपर्यंत आवरावी.

दिव्याचा संबंध नसेल तर पुढचा प्रश्न खुडणीचा. शेवंती झुपकेदार व्हावी म्हणून शेंडे खुडतात आणि ते योग्यच आहे, पण राखीपौर्णिमेनंतर खुडू नये. सप्टेंबरअखेरीस ज्याचा शेंडा खुडला, त्याची कळीच खुडली. तिसरे कारण ऑक्टोबरची उष्णता. तो महिना तापला तर कळ्या मागे पडतात, पण चुकत नाहीत. शेंड्याची पाने अरुंद झालेली दिसत असतील तर वाट पाहावी. निचऱ्याबद्दल एवढेच सांगते की माळव्याची काळी माती कुंडीत नुसती भरली तर पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हात तिला भेगा पडतात. तिच्यात निम्मे-निम्मे कुजलेले खत आणि जाड वाळू मिसळावी. खालची पाने काळी पडून गळत असतील, तर फुलांचा विचार नंतर. आधी मुळांचा करावा.

मधुमालती : तिचा रात्रीशी संबंध नाही

ज्या दिव्याने माझी शेवंती अडवली, त्याच दिव्याखाली फाटकावरची मधुमालती दर पावसाळ्यात झुबक्यांनी लवते. एवढ्या पुराव्यानंतर वेलासाठी दिव्याला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. तिच्याबाबतीत पहिला प्रश्न असा विचारावा, की तक्रार कोणत्या महिन्यातली आहे? इंदूरला तिचा मुख्य बहर उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा वाढ थांबते, काही पाने पिवळी होऊन गळतात आणि झुबके येत नाहीत. नोव्हेंबरात शेवंतीची तक्रार खरी असते, मधुमालतीची पुष्कळदा खोटी.

जून ते सप्टेंबरमध्येही झुबके नसतील, तर मग कारण शोधावे. बहुतेक वेळा ते कात्रीत सापडते. मधुमालतीला फूल येते ते त्याच हंगामात निघालेल्या कोवळ्या फांदीच्या टोकाला. मे-जूनमध्ये तारांना लागते म्हणून, किंवा पावसाळ्यात फार पसरली म्हणून जी सरसकट छाटणी होते, तिच्यात ही टोकेच जातात. मग वेल पुन्हा फांद्या काढतो, त्या टोकाला येईपर्यंत दुसऱ्यांदा कात्री लागते आणि वर्ष असेच निघून जाते. छाटणी वर्षातून एकदाच, थंडी ओसरताना, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करावी. तेव्हा ती निर्धास्तपणे, निम्म्यापर्यंत केली तरी चालते. छाटताना हातमोजे घालावेत: या वेलाचे पान गळते, पण देठाचा बुडखा फांदीवरच राहून वाळतो आणि आकड्यासारखा कठीण काटा बनतो. त्याच्या आधारानेच तो चढतो, आणि मनगटावर ओरखडाही त्याचाच उठतो.

दुसरे कारण सावली. मधुमालती सावलीत मरत नाही, उलट पाने मोठी करून उन्हाच्या शोधात वर जाते आणि जिथे ऊन सापडेल तिथे फुलते. शेजारी वरचा मजला चढला की आपला मांडव हिरवा राहतो आणि झुबके शेजारच्या गच्चीवर लोंबतात. एका वहिनींनी माझ्याकडे वेल फुलत नसल्याची तक्रार केली, त्या दिवशी त्यांच्या शेजारणीने त्याच वेलाची फुले देवाला वाहिली होती. अशा वेळी खताने काही होत नाही. मांडव उन्हाकडे सरकवावा किंवा वेलाला तार बांधून सूर्याच्या बाजूने वळवावे.

तिसरे कारण जास्तीचे नत्र. मांडवाजवळून मोरीचे पाणी जात असेल, शोषखड्डा असेल किंवा घरातला ओला कचरा वर्षानुवर्षे त्याच आळ्यात पुरला जात असेल, तर वेलाला नत्राची मेजवानीच मिळते आणि तो पानांतच रमतो. लागवड नवी असेल तर घाईही करू नये. मधुमालती सुरुवातीला झुडपासारखी वाढते आणि लांब चढत्या फांद्या नंतर काढते. त्या पहिल्या झुडपाला आकार देण्याच्या नादात कापत राहिले, तर वेल व्हायलाच उशीर होतो.

फुले येतात पण रंग टिकत नाही, काही रोग आहे का, असेही कधीकधी विचारतात. तो रोग नाही. मधुमालतीचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि मग लाल, म्हणून एकाच झुबक्यात तीन रंग दिसतात. पांढऱ्या फुलाचा वास रात्रीच्या पतंगांसाठी असतो, आणि रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि पक्षी येतात.

एकच तांब्याभर खत दोघींना का चालत नाही

शेवंती खादाड आहे. जुलैपासून कळी दिसेपर्यंत तिला दर पंधरवड्याला थोडे-थोडे कुजलेले शेणखत किंवा पेंडीचे पातळ पाणी लागते, आणि कळीला रंग दिसताच खत थांबवावे लागते. मधुमालती जमिनीत असेल तर तिला फेब्रुवारीच्या छाटणीनंतर एकदा दोन घमेली खत पुरते. आपण मात्र शेवंतीचे उरलेले खत वेलाच्या आळ्यात ओततो आणि वेल फुलला नाही की शेवंतीच्या बरोबरीने त्यालाही जास्त देतो. वेलाची शंका असेल तर एक पूर्ण हंगाम त्याला काहीच घालू नये. नत्र हेच कारण असेल, तर पुढच्या पावसाळ्यात पाने फिकट आणि झुबके जास्त दिसतात.

खत कुजलेले हवे, हे इंदूरकरांना सांगावे लागू नये. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञांनी १९२४ ते १९३१ या काळात, आज जिथे कृषी महाविद्यालय आहे त्याच जागी, यशवंत वाड यांच्या सोबतीने काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर लावून सुमारे ३ महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसवली, आणि ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. त्याच शहरात आज स्वयंपाकघरातल्या डब्याचा आंबूस रस थेट कुंडीत ओतला जातो, हे पाहून मला वाईट वाटते. मुठीत दाबल्यावर घाण वास न येता पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास येतो, तेच खत शेवंतीला द्यावे.

आता तुमच्या दारातली शेवंती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातही पानांतच असेल आणि जवळ दिवा असेल, तर कुंडी आजच काळोखात न्यावी. जातीप्रमाणे ८ ते १० आठवडे लागतात, म्हणजे फुले जानेवारीत येतात. गल्लीच्या टोकाच्या काकूंनी गेल्या वर्षी हेच केले. दिवाळीची फुले हुकली, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या घरची शेवंती वाणाच्या तबकात होती. मधुमालतीला मात्र त्या आधी हात लावू नये. तिची कात्री रथसप्तमीच्या सुमारास काढावी आणि मग पुढचे वर्षभर ती अडगळीत ठेवून द्यावी.